कॅनडाची राज्यघटना, मुक्काम मॉरिसव्हिल

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला मिरजेत दोनच प्रश्न विचारतात. नायगारा पाहिला का, आणि थंडी किती होती. मी उन्हाळ्यात गेले होते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्याला आहे, पण ते लांबलचक आहे, कारण मी नायगारा पाहायला गेले आणि कॅनडाची राज्यघटना घेऊन आले. आमच्या शेजारणीनं तिथून बदाम आणि सेंट आणलं होतं. ज्याची त्याची आवड.

मी नागरिकशास्त्राची शिक्षिका. होते, असं म्हणायला हवं. हा विषय इतिहासाच्या पुस्तकामागे शेपटासारखा जोडलेला असतो. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर वर्गाच्या दारात उभे राहून म्हणायचे, "बाई, तेवढा तुमचा तास द्या ना." मीही द्यायची. अख्ख्या नोकरीत राज्यघटनेबद्दल मला कुणी आपणहून एक प्रश्न विचारला नाही. निवृत्तीनंतर विचारला, तोही अमेरिकेत, पावभाजीच्या पातेल्याशेजारी उभं राहून.

मॉरिसव्हिल

माझी लेक मधुरा, जावई समीर आणि नात इरा नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला राहतात. गाव म्हणजे पाइनची उंच झाडं, आणि झाडांमध्ये एकाच साच्यातून काढल्यासारखी घरं. पहिल्या दिवशी फिरायला गेले आणि परत येताना दुसऱ्याच घराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाई तेलुगू निघाल्या. त्यांनी मला चहा दिला आणि मधुराला फोन लावला. त्यांच्याकडे असं अधूनमधून होतं म्हणे.

रस्त्यावर माणूस दिसत नाही, पण नियम सगळीकडे दिसतात. मी साडी धुऊन मागच्या कठड्यावर टाकली तर समीर धावत आला. तो नागपूरचा आहे, एरवी कशासाठी धावत नाही.

"आई, काढा न ते. एचओए फाइन मारते."

एचओए म्हणजे घरमालकांची सोसायटी. गवत किती उंच वाढावं, दार कोणत्या रंगाचं असावं, कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवावा, हे सगळं ती ठरवते. आमच्या मिरजेच्या सोसायटीचा चेअरमन पाण्याची टाकीसुद्धा भरून घेऊ शकत नाही. मला त्या एचओएचा हेवा वाटला. साडी मात्र मी स्नानघरात वाळवली.

इरा अकरा वर्षांची. फोनवर ती माझ्याशी दोन वाक्यं बोलायची, "हाय आजी" आणि "बाय आजी". मधल्या वेळात मधुरा बोलायची. या वेळी विमानतळावर ती पुढे आली आणि शब्द जुळवत म्हणाली, "आजी, तुझा प्रवास चांगला झाली का?" मी बॅग तिथेच टाकली आणि तिला मिठी मारली. प्रवास 'चांगला झाली' तर झाली. हे एवढं वाक्य मिळावं म्हणून मी आणखी एकदा ते सगळं विमान सोसलं असतं.

हे वाक्य आलं रविवारच्या मराठी शाळेतून. आठवडाभर नोकरी करून मधुरा दर रविवारी सकाळी वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये मुलांना मराठी शिकवते. हॉल मराठी मंडळानं धरलेला असतो. मुलं मोजकीच, त्यांतली निम्मी आईबापांनी गाडीतून ओढून काढलेली. एक जण दर वेळी पोट दुखतं म्हणतो. तरी शाळा चालते.

आता मंडळ. मागच्या गणपतीत तिथे मोदकांवरून फूट पडली होती. एका गटाला उकडीचे हवे होते, दुसऱ्याला दुकानातले फ्रोझन. अध्यक्षांनी कुणालाच न विचारता चॉकलेटचे आणले. काही घरं उठून गेली आणि हायवेच्या पुढच्या एक्झिटला त्यांनी दुसरं मंडळ काढलं. राहिलेल्यांना कळून चुकलं की आपल्याला घटना नाही म्हणून हे झालं. मग माझी आठवण झाली.

अध्यक्ष धनंजय शिरोळे. स्वतःची ओळख ते 'फाउंडर प्रेसिडेंट' अशी करून देतात. मंडळ निघाल्यापासून तेच अध्यक्ष आहेत, कारण दुसऱ्या कुणाला ते पद नको असतं, आणि एखाद्याला हवंसं वाटू लागलं तर शिरोळे त्याला पार्किंगची ड्यूटी देतात. माणूस मात्र वाईट नाही. समीर इथे नवा आला तेव्हा महिनाभर त्यांनी त्याला घरात ठेवून घेतलं होतं. असे बरेच समीर त्यांनी विमानतळावरून घरी आणलेत. त्यांच्याशी भांडायचं कसं, हा मॉरिसव्हिलमधला जुना प्रश्न आहे.

त्यांच्या घरी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण. तिथे त्यांचा मुलगा ओम भेटला, कॉलेजला जाणारा, उंच, छान पोरगा. "हाय आंटी" म्हणाला आणि तळघरात ढोल वाजवायला गेला. वाजवतो असा की वर टेबलावरच्या वाट्या थरथरतात. मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा तो कणा आहे.

"बाई, तुम्ही सिव्हिक्सवाल्या," शिरोळे पावभाजी ढवळत म्हणाले. "घटनेत काय काय असावं लागतं?"

इतक्या वर्षांनी विचारला गेलेला तो प्रश्न. मला ठसकाच लागला. समोरच्यांना वाटलं मिरची लागली, त्यांनी पाणी दिलं.

पहिला मसुदा समीरनं केला. तो संगणकवाला, त्यानं अमेरिकेची घटना घेतली, 'स्टेट्स'च्या जागी 'मंडळ' घातलं आणि सगळ्यांना पाठवून दिली. वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. मी वाचली. त्यात लिहिलं होतं, अध्यक्ष जन्मानं इथलाच हवा. शिरोळे जन्मले कोल्हापूरला. समितीतले बाकीचे पुणे, नाशिक, अकोला. पात्र उमेदवार फक्त त्यांची मुलं, आणि त्यांतल्या एकालाही मराठीत सभा चालवता येत नव्हती.

"सो आय कॅन बी प्रेसिडेंट?" इरानं विचारलं.

"पस्तीस वर्षं पूर्ण व्हायला पाहिजेत," मी म्हटलं.

"दॅट्स अनफेअर, आजी. शिरोळेकाका विल स्टिल बी प्रेसिडेंट देन."

मुलीला राज्यशास्त्र चांगलं कळतं. मसुदा मागे घेतला.

नायगारा, अलीकडचा काठ

लाँग वीकेंडला नायगाराला निघालो. मंडळाचे चिटणीस विवेक पाठक बरोबर होते. पाठक अनेक वर्षं कॅनडात मिसिसागाला राहून, तिथले नागरिक होऊन, मग नोकरीसाठी मॉरिसव्हिलला आलेत. बायको अजून तिकडेच, घर विकायचंय म्हणून. आम्ही त्यांना पुलापर्यंत सोडायचं, तिथून ते चालत कॅनडात जाणार. आमच्यापैकी कुणाकडे तिकडचा व्हिसा नव्हता. समीर तर कितीतरी वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे, आणि सीमा नावाची गोष्ट दिसली की तो आधी खिशातला पासपोर्ट चाचपतो.

ड्राइव्ह दिवसभराचा. पाठकांचं प्रत्येक वाक्य 'आमच्या कॅनडात' असं सुरू होतं. आमच्या कॅनडात लोक सॉरी म्हणतात. आमच्या कॅनडात दूध पिशवीत मिळतं. "ते मिरजेतही मिळतं," मी म्हटलं, तेव्हा ते मेपल सिरपवर गेले.

धबधबा पाहिला. त्याच्याबद्दल लिहिणार नाही, कारण पाणी वरून खाली पडतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते पाहून माझे डोळे का भरून आले ते मला सांगता येत नाही. बोटीतून गेलो. आमच्या बोटीत सगळ्यांना निळे रेनकोट, समोरच्या किनाऱ्याच्या बोटीत सगळ्यांना लाल. दोन्ही बोटी एकाच ठिकाणी जाऊन भिजत होत्या. इरानं मला ते दाखवलं आणि आम्ही दोघी खूप हसलो.

नंतर कठड्याजवळच्या बाकावर दशम्या, चटणी आणि मिरजेहून आणलेलं भडंग काढलं. समोर पाण्यापलीकडे कॅनडा. मी पाठकांना म्हटलं, "आता सांगा. तुमच्या कॅनडात घटना कशी आहे?"

"काकू, ती एका जागी नाहीच," पाठक भडंगाची मूठ भरत म्हणाले. "थोडी जुन्या ब्रिटिश कायद्यात, थोडी नंतर आणलेल्या हक्कांच्या सनदेत. आणि उरलेली नुसती रीत. कुठे लिहिलेली नाही, पण सगळ्यांना माहीत असते. मोडली की सगळे नाराज होतात."

"म्हणजे सासरसारखं," मी म्हटलं.

"तसंच. आता बघा, पंतप्रधान कसा नेमायचा, त्यानं काय करायचं, हे त्या जुन्या कायद्यात नाहीच. तिथे सगळी सत्ता राजाची, आणि राजाच्या वतीनं गव्हर्नर जनरलची. राज्य मात्र पंतप्रधान चालवतो."

"आणि गव्हर्नर जनरल?"

"सही करतात. अधिवेशन सुरू होताना भाषण वाचतात. तेसुद्धा सरकारनं लिहून दिलेलं, पण 'माझं सरकार' असं म्हणून वाचायचं."

"सही करायला नाही म्हटलं तर?"

"म्हणू शकतात. म्हणत नाहीत."

नोकरीभर मी मुलांना पाठ करून घेतलं होतं की घटना म्हणजे देशाचा सर्वोच्च लिखित कायदा. आणि इथे समोर, दगड फेकला तर पोचेल अशा अंतरावर, एक अख्खा देश अर्ध्या न लिहिलेल्या गोष्टींवर सुखानं चालला होता. मला त्या शिकवण्याची जराशी लाज वाटली आणि गंमतही वाटली.

"मग घटना करते तरी काय?"

पाठकांनी कठड्यावर हात ठेवला. "सत्ता कुणाकडे ते सांगते. ओटावाच्या केंद्र सरकारला किती, प्रांतांना किती, ते वाटून देते. आणि मग त्या सत्तेला म्हणते, इथपर्यंत ये, पुढे नको. ह्या कठड्यासारखी. फक्त आमच्या कठड्याला एक छोटं फाटक आहे. सनदेतल्या काही हक्कांच्या बाबतीत सरकार कायद्यात लिहू शकतं, की हा तुमचा हक्क आहे हे मान्य, तरीही आम्ही हा कायदा करतोय. पाच वर्षं चालतं. नंतर पुन्हा म्हणावं लागतं."

"हे तं ॲडमिन पासवर्डच झालं न बाप्पा," समीर म्हणाला.

"मग कुणी वापरत का नाही सारखा?" मधुरानं विचारलं.

पाठक विचार करून म्हणाले, "प्रांत वापरतात अधूनमधून. ओटावानं कधी वापरलं नाही. लोकांसमोर उभं राहून मोठ्यानं म्हणावं लागतं ना, की तुमचा हक्क आम्ही बाजूला ठेवतोय. ते जड जातं."

मग ते पूल चालून गेले. अर्ध्या तासानं पलीकडून त्यांचा फोन आला. "काकू, तुमचा अमेरिकेचा धबधबा इकडून काय सुंदर दिसतोय! तिकडून तुम्हाला तो नीट दिसतच नाही." ते खरं आहे म्हणतात. आम्ही त्या दिशेनं हात हलवले. पलीकडे ठिपक्याएवढी माणसं होती, त्यांतले पाठक कुठले ते कळलं नाही.

पुन्हा मॉरिसव्हिल

मंडळाला कॅनडाचा नमुना फार आवडला. शिरोळ्यांना आवडला, कारण अध्यक्षाबद्दल काहीच लिहायचं नव्हतं. बाकीच्यांना आवडला, कारण काहीच वाचायचं नव्हतं. मधुरानं आग्रह धरून हक्कांचं प्रकरण घालायला लावलं आणि त्यात पहिला हक्क लिहिला, 'मुलांना मराठी शिकण्याचा'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लगेच शिरोळे म्हणाले, "ते पाठकांचं तरीही-कलम पण टाका. इमर्जन्सीला असू दे." तेही हात वर करून मंजूर झालं, कारण जिलेबी गार होत होती.

राहिला प्रश्न गव्हर्नर जनरलचा. माणूस तटस्थ हवा. मॉरिसव्हिलमध्ये तटस्थ मराठी माणूस मिळणं कठीण. प्रत्येकानं मोदकांवर मत दिलेलं. शेवटी ठरलं की हे पद टुरिस्ट व्हिसावर आलेल्या आईवडिलांपैकी कुणाला तरी द्यायचं. मुदत, परतीच्या विमानापर्यंत. अशी मी मंडळाची पहिली गव्हर्नर झाले. दुकानात ओळखीचे लोक "गव्हर्नरबाई, कोथिंबीर ताजी आहे" म्हणायला लागले. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. मिरजेत मी वर्गाची मॉनिटरसुद्धा नव्हते.

सुरुवातीच्या सह्या सोप्या होत्या. सरबत कोकमाचं, सही. रांगोळी कार्पेटवर नको, सही. मग एका संध्याकाळी शिरोळ्यांचा फोन आला. पथकाला न्यू जर्सीच्या मोठ्या मिरवणुकीत वाजवायचं आमंत्रण मिळालं होतं. ओम तर आनंदानं जिने उड्या मारत चढत होता म्हणे. सराव हवा, सगळे मोकळे असतात ती वेळ एकच, रविवार सकाळ, आणि जागाही एकच, क्लबहाउस. तेव्हा मराठी शाळा सध्यापुरती बंद. मुलांचा हक्क मान्य, तरीही. गणपतीआधीच्या सभेत मी ते अध्यक्षांच्या भाषणासकट वाचायचं आणि सही करायची.

'सध्यापुरती' हा शब्द मी सरकारी नोकरीत पुष्कळ ऐकलाय. सध्यापुरत्या बदल्या, सध्यापुरते पत्रे. ते पत्रे अजून शाळेवर आहेत.

मधुरा ओट्यापाशी भेंडी चिरत होती. ऐकलं आणि चिरत राहिली. मग म्हणाली, "दोन महिने बंद राहिली की मुलं परत येत नाहीत, आई. सॉकर घेऊन जातं, पोहणं घेऊन जातं. मग संपलं. मग इरा तुझ्याशी काय बोलणार? हाय आजी?"

"आई, तुम्ही साइनच नका करू न," समीर म्हणाला.

"अजिबात नाही," मधुरा सुरी ठेवून म्हणाली. "उद्या सगळे म्हणतील, पोरीनं शाळेसाठी आईला खुर्चीत बसवून ठेवलंय. तू सही कर, आई. नियम म्हणजे नियम."

माझीच मुलगी. लहानपणी मी तिलाही नागरिकशास्त्र शिकवलं होतं, त्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. शाळा माझ्या लेकीची नसती, तर मी सही केली असती का? केली असती, कुरकुरत. मग आता नाकारली तर ती मिरजेच्या कुठल्याही पुढाऱ्यासारखीच वागणूक झाली. आणि केली तर इराचं ते एक वाक्य माझ्याच हातानं पुसायचं. मला शिरोळ्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा.

पाठकांना फोन केला. ते म्हणाले, "काकू, रीत अशी की गव्हर्नर जनरलनं सल्ला द्यावा, धीर द्यावा, इशारा द्यावा. आणि मग सही करावी."

मग मी शिरोळ्यांच्या घरी जाऊन त्यांना सल्ला दिला. त्यांनी शांतपणे ऐकला. मग आपल्या फोनमधला पथकाचा व्हिडिओ दाखवला. भगवे फेटे, कपाळाला टिळे, मधोमध ओम, घामानं चिंब, ढोलावर वाकलेला.

"बाई, बाराखडीला ही पोरं येत नाहीत. ढोलाला येतात. ओमला मी कितीदा शाळेत नेलं, तो नाहीच बसला. पण ढोल गळ्यात घातला की माझा पोरगा मला आमच्या गल्लीतला वाटतो. एवढंच मिळालंय मला. ते मी सोडू?"

मी तो व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला. इशारा द्यायचा राहूनच गेला. मी निघताना त्यांनी मला आल्याच्या वड्या दिल्या, बायकोनं केलेल्या, सुरेख होत्या.

क्लबहाउस

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. बायका नऊवारीत, पुरुष ऑनलाइन मागवलेल्या कुर्त्यांत, कुर्त्यांच्या घड्या तशाच. मागे पथक ढोल बांधून तयार, भाषण संपताच वाजवायचं म्हणून. पुढे कार्पेटवर मुलं बसली होती. मधुरा भिंतीशी उभी, माझ्याकडे न बघता. मला मखराशेजारची उंच खुर्ची दिली होती. पाय टेकत नव्हते.

मी भाषण वाचलं. 'माझं मंडळ यंदा उकडीचे मोदक करील. माझं मंडळ पार्किंगची शिस्त राखील.' टाळ्या. मग तो परिच्छेद आला. 'संस्कृतीचं जतन व्हावं या उदात्त हेतूनं, बालकांच्या भाषाशिक्षणाच्या हक्कास बाध येत असला तरीही, माझं मंडळ रविवारची शाळा तात्पुरती स्थगित करीत आहे.' कुणी हललं नाही. अर्ध्या लोकांना ते मराठी कळलं नसावं. 'स्थगित' शब्द ऐकून दोघांनी टाळ्या वाजवल्या.

अवघड परिच्छेद वाचून झाला की मी वर्गात एकच गोष्ट करत असे. हात आपोआप वर गेला.

"इरा, उभी राहा. मी आत्ता काय वाचलं? तुझ्या शब्दांत सांग."

वर्गातल्या मुलीसारखी ती पटकन उभी राहिली. तिनं आईकडे पाहिलं, मग छताकडे. शब्द शोधत होती. माईक माझ्या हातात होता, तो मी तिच्यासमोर धरला.

"शिरोळेकाका म्हणतात," ती म्हणाली, "की आमचा शाळा बंद. कारण ढोल मोठा आहे. आणि आम्ही लहान आहोत. आम्हाला मराठी शिकायची आहे, हे त्यांना माहीत आहे. तरीही."

एवढं बोलून ती खाली बसली. हॉलमध्ये एसीचा आवाज ऐकू येऊ लागला. तिनं इतकं लांब मराठी आजवर कधी बोललेलं नव्हतं. मधुरानं तोंडावर हात धरला होता. माझेही डोळे भरले, आणि गव्हर्नरनं रडावं की नाही याबद्दल कॅनडात काय रीत आहे ते मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मागून, ढोलाच्या रांगेतून, ओमचा आवाज आला. त्याला वाटलं हळू बोलतोय, पण शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा, व्हॉट डिड शी से?"

शिरोळे माझ्याशेजारी उभे होते. "नथिंग," ते म्हणाले.

"नो, सिरियसली. एव्हरीबडीज लुकिंग ॲट यू. व्हॉट डिड शी से?"

शिरोळे ओमकडे वळले. स्वतःचा हुकूम स्वतःच्या मुलाला इंग्रजीत समजावून सांगायची वेळ त्यांच्यावर आली होती. सुरुवात करून पाहिली, "शी सेड दॅट वी आर..." आणि पुढे जाता आलं नाही. मी पेनचं टोपण काढलं. रीत म्हणजे रीत. मी सही करणार होते, हे खरं सांगते. पेनचं टोक कागदाला लागलंही होतं.

"थांबा, बाई," शिरोळे म्हणाले. "आत्ता नको."

त्यांनी माईक घेतला. घसा साफ केला. मग त्यांच्यातला फाउंडर प्रेसिडेंट परत आला आणि ते जाहीर करू लागले की आपण पहिल्यापासून शाळेच्याच पाठीशी आहोत. यापुढे रविवारी आधी शाळा, मग ढोल. आणि जो शाळेत बसणार नाही त्याच्या गळ्यात ढोल नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. ही कल्पना बऱ्याच दिवसांपासून आपल्या मनात होती, असंही ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. ओमला हे सगळं शेजारच्या ताशावाल्यानं समजावून सांगितलं आणि त्याचं तोंड उतरलं.

पाठक माझ्याकडे वाकून म्हणाले, "आमच्या कॅनडातही असंच. सरकार माघार घेतं तेव्हा त्याला पुढाकार म्हणायची रीत आहे."

"आणि गव्हर्नरनं सभेत मुलांना प्रश्न विचारायची?"

"तशी रीत नाही," ते म्हणाले. "पण कुठे लिहिलेलंही नाही."

गाडीत मधुरा माझा हात धरून बसली होती. घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

मिरज

परत येऊन आता बरेच महिने झाले. माझ्या जागी नाशिकचे एक आजोबा गव्हर्नर झालेत. त्यांचा व्हिसा संपत आला की अकोल्याच्या मावशी येतील. तरीही-कलम अजून घटनेत आहे; ते काढायला सभा लागते आणि सभेला जेवण काय ठेवायचं यावर एकमत होत नाही. ओम शाळेत मागच्या बाकावर बसतो, लहान मुलांमध्ये गुडघे वर करून. मधुरा म्हणते, त्याला 'ढ' फार सुंदर काढता येतो.

काल इराचा फोन आला. मधुरा बाहेर गेली होती, म्हणजे मध्ये बोलायला कुणी नव्हतं.

"आजी, कशी आहेस? जेवलीस का?"

"जेवले. तू काय करतेस?"

"गृहपाठ. आजी, खूप गृहपाठ आहे. आई खूप म्हणजे खूपच देते. तू नाशिकच्या आजोबांना फोन कर ना. त्यांना सांग, शाळा एक महिना बंद करा. फक्त एक महिना. ते तुझं ऐकतील."

अख्खी मागणी, कारणासकट, मराठीत. मी गव्हर्नर होते त्या काळात एकदाही कशाला नकार दिला नाही. आता माझ्याकडे पद नाही, सही नाही, व्हिसासुद्धा नाही.

"नाही," मी म्हटलं.